‘सूज जुनीच आहे’ म्हणून गाठ सोडून द्यायची?

लातूर-बीडकडच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. स्वादुपिंडाची जुनी सूज असली तरी कॅन्सरची भीती नाही, निर्व्यसनी माणसाला तर नाहीच. सीए १९-९ ही कॅन्सरच्या खुणेची रक्ततपासणी नॉर्मल आली की विषय संपला. आणि गाठीत सुई टोचू देऊ नका, कॅन्सर पसरतो.

पहिल्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. बहुतेकांना कॅन्सर होत नाही. १९९३ साली सहा देशांतल्या दोन हजारांवर रुग्णांचा अभ्यास छापून आला, त्यात वीस वर्षांत शंभरातल्या साधारण चौघांना झाला. आकडा लहान वाटतो, पण ही सूज नसलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त.

‘माळकऱ्याला काय होतंय!’ दारूचा थेंबही न घेतलेल्या तरुणांच्या स्वादुपिंडातही खडे होतात, जुनी सूज राहते. आपल्या देशात हा आजार जुनाच आहे आणि त्यात कॅन्सरचा धोका उलट वाढतो. बिडी ओढणाऱ्यानं तर स्वतःला निर्व्यसनी म्हणवूच नये.

सीए १९-९चा मुद्दा सगळ्यात घातक. काही माणसांच्या रक्तात हा घटक मुळात तयारच होत नाही. कावीळ झाली की कॅन्सर नसतानाही तो वाढतो. त्यात भर म्हणजे ॲसिनार सेल कार्सिनोमा हा दुर्मिळ प्रकार, स्वादुपिंडाच्या कॅन्सरांत शंभरात एखाद-दुसरा. पाचकरस बनवणाऱ्या पेशींतूनच तो उठतो आणि त्यात सीए १९-९ बऱ्याचदा नॉर्मल येतो. काही रुग्णांत ही गाठच लायपेज हा चरबी पचवणारा घटक रक्तात ओतत राहते. नडगीवर लाल, दुखऱ्या गाठी येतात, सांधे धरतात. घरचे संधिवाताचा लेप लावतात. रिपोर्टात लायपेज वाढलेलं दिसतं आणि सूज आधीपासून माहीत असते, मग ‘परत सूज आली’ म्हणून सलाईन लावून घरी पाठवलं जातं. वजन उतरतंय, साखर अचानक बिघडली, पाठीकडे जाणारी कळ बदलली, तर नव्यानं सीटी करायलाच हवा.

राहिली सुई. एंडोस्कोपीतून टोचलेल्या सुईनं कॅन्सर पसरणं फार क्वचित. गाठ स्वादुपिंडाच्या डोक्याशी असली तर सुई आतड्याच्या ज्या भागातून जाते, तो ऑपरेशनमध्ये बहुधा काढूनच टाकतात. मात्र जुन्या सुजेचीही कठीण गाठ होते, त्यामुळे सुईचा रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी कधी पुन्हा टोचावं लागतं. बार्शीला किंवा हैदराबादला मोठ्या दवाखान्यात निघालात तर जुन्या सीटीच्या फिल्म सोबत घ्या. नुसत्या रिपोर्टाच्या कागदावरून गाठ वाढली की तेवढीच आहे हे नीट कळत नाही.