फायबर टाकलं म्हणून सळई काढू नका

'काँक्रीटमध्ये फायबरची पुडी टाकली की स्लॅबला सळई लागत नाही' असा मेसेज सध्या घर बांधणाऱ्यांच्या ग्रुपवर फिरतोय. हे चूक आहे, आणि जिवावर बेतणारं आहे.

सिमेंटच्या गोणीमागे साधारण १२५ ग्रॅम टाकतात ते पांढरे, केसासारखे, १२ मिमी लांबीचे तंतू बहुतेकदा पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचे असतात. त्यांचं काम पहिल्या काही तासांचं. उन्हावाऱ्यात ओला स्लॅब भराभर सुकतो तेव्हा वर बारीक भेगा पडतात, त्या हे तंतू रोखतात. गिलाव्यातही ते चांगलेच. पण स्लॅब वाकतो तेव्हा खालच्या अंगाला येणारा ताण सळईच पेलते. एवढ्याशा तंतूंच्या आवाक्यातलं ते काम नव्हे.

गोंधळ बहुधा स्टीलच्या फायबरमुळे झाला असावा. गोदामांच्या जमिनीत किंवा बोगद्यांच्या अस्तरात ते घनमीटरला २०-४० किलो घालून सळई कमी करतात, काही ठिकाणी पूर्ण वगळतातही. पण खाली जमिनीचा आधार असतो किंवा बोगद्याचा गोल आकार दाब पेलतो, आणि त्याचं वेगळं डिझाइन केलेलं असतं. घराचा स्लॅब भिंती-तुळयांवर अधांतरी असतो.

फायबर जरूर टाका, पाणी मारणंही चुकवू नका. सळई मात्र इंजिनिअरच्या नकाशाप्रमाणेच.