‘नगरसेवक नव्हते तेव्हा मुंबई शांत होती’ म्हणे. कुठली मुंबई?

तो मेसेज तुम्हालाही आला असेलच. "चार वर्षं नगरसेवक नव्हते, काय अडलं? ना राडे ना टक्केवारी, प्रशासकाने गपचूप कामं केली, आता १५ जानेवारी २०२६ला मतदान म्हणजे परत गुंडगिरी." मला दोन मामांकडून आणि सोसायटीच्या ग्रुपवर असा तीनदा आला, म्हणून लिहायला बसलो.

पहिलं, राडे नव्हते म्हणे. अहो, मुंबई महापालिकेची मुदत संपली ७ मार्च २०२२ला आणि निवडणुकीऐवजी सरकारने नेमलेला प्रशासक बसला, त्यानंतरचं जरा आठवा की. २ फेब्रुवारी २०२४, उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, पोलीस साहेबांच्या केबिनमध्ये गोळीबार, शिंदे गटाचे महेश गायकवाड जखमी आणि भाजपचे तेव्हाचे आमदार गणपत गायकवाड अटकेत (उल्हासनगर म्हणजे मुंबई नाही, मान्य, पण तिथेही तेव्हा प्रशासकच होता). सहाच दिवसांनी माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकरांना फेसबुक लाइव्ह चालू असताना गोळ्या घातल्या. त्याच वर्षी दसऱ्याच्या रात्री बांद्र्यात माजी मंत्री बाबा सिद्दिकींना. यातलं काय वॉर्डाच्या मतदानावरून झालं? कुठे जमिनीचा वाद, कुठे आपसातलं वैर, सिद्दिकींच्या केसमध्ये पोलिसांनी बिष्णोई टोळीचं नाव घेतलं. निवडणूक थांबवून बंदुका थांबल्या नाहीत, थांबलं फक्त मतदान.

दुसरं, कामं झाली. बरं. १३ मे २०२४ला घाटकोपरला होर्डिंग पडून १७ माणसं गेली. परवानगी मिळते जास्तीत जास्त ४० बाय ४० फुटांची, हे होतं १२० बाय १२०. मग पालिका म्हणते जागा रेल्वे पोलिसांची, आमची परवानगीच नव्हती. नगरसेवक असता तर ते पडलंच नसतं असं मी म्हणत नाही, पण सभागृहात कोणीतरी आयुक्तांना उभं करून विचारलं असतं ना? नगरसेवकांच्या २२७ खुर्च्या रिकाम्या होत्या, विचारणार कोण?

बेस्टच्या बसचं तेच. मे २०२५मध्ये साधं किमान तिकीट ५चं १० झालं, एसी ६चं १२, म्हणजे थेट डबल, आणि बेस्ट समितीत बसून भांडायला एक नगरसेवक नव्हता. आमच्याकडे पाणी महिनाभर करंगळीएवढं येत होतं, वॉर्ड ऑफिसात गेलो तर साहेब मीटिंगमध्ये, दुसऱ्यांदा गेलो तर साहेबांची बदली. पूर्वी निदान नगरसेवकाच्या ऑफिसबाहेर बोंब मारता यायची, त्यालाही पुढच्या वेळी मत हवं असायचं.

टक्केवारीचं खरंय, त्यावर वाद नाही, खर्चाला मंजुरी देणाऱ्या स्थायी समितीचे किस्से नाक्यावरच्या पोरांनाही पाठ आहेत. पण म्हणून पैसा स्वच्छ झाला का? नगरसेवक नसताना पालिकेचा निधी सत्ताधारी आमदारांना कोटींनी आणि विरोधी आमदारांना भोपळा, हे २०२४च्या सुरुवातीलाच पेपरात आलं होतं. २०२५-२६चं ७४ हजार कोटींच्या वरचं बजेट, ते मांडणारा आणि मंजूर करणारा एकच माणूस होता, आणि तुम्ही म्हणता हे बरं.

मोठ्या मामांना फोनवर विचारलं, तुमच्या वॉर्डाचा शेवटचा नगरसेवक कोण? शिवीसकट नाव सांगितलं. प्रशासकाचं नाव विचारलं तर म्हणाले, थांब, गूगल करतो.