‘फुकटचं लिनक्स महाग’ म्हणणाऱ्यांनो, हिशेब पूर्ण मांडा

दारव्हा तालुक्यातला माझा भाचा दोन जुने संगणक घेऊन ऑनलाइन अर्जांचं दुकान टाकतोय. त्याला विंडोज आणि लिनक्स या संगणक चालवणाऱ्या प्रणालींबद्दल ग्रुपवर मेसेज आला: ‘लिनक्स फुकट दिसतं, पण एकूण खर्च विंडोजचाच कमी, हे संशोधनानं सिद्ध झालंय. लिनक्सात मराठी टाइप होत नाही. ३०० रुपयांत विंडोज टाकून घ्या, टेन्शन नाही.’ भाचा मला म्हणतो, “मामा, ३०० रुपयात होऊन जाते म्हणते ना!”

नाही होत. ३०० रुपयांत क्रॅक (विंडोजची कुलूप तोडलेली बेकायदा प्रत) मिळतो. तो टाकताना बहुतेक वेळा आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, आणि आत काय शिरलं ते टाकणाऱ्यालाही माहीत नसतं. त्याच संगणकावर गाव आधार, पासबुक, सातबारा ठेवून जाणार. पीक विम्याचा अर्ज भरायला आलेल्या म्हाताऱ्याचं खातं रिकामं झालं तर तो खर्च कोणाच्या वहीत लिहायचा? कायदाही वाचा. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३ब: बेकायदा प्रत आहे हे माहीत असून वापरली, तर किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट कैद टाळू शकतं. दुकानदाराला ती सवलत नाही. मेसेज लिहिणाऱ्यानं हा आकडा बरा गाळला!

संशोधन कोणतं, ते मेसेजात नाहीच. या दाव्यासाठी गाजलेला अहवाल २००२ सालचा, आयडीसी या बाजार-संशोधन कंपनीचा, आणि त्याला पैसा मायक्रोसॉफ्टचा. तो उत्तर अमेरिकेतल्या कंपन्यांच्या सर्व्हरबद्दल (अनेकांना सेवा पुरवणाऱ्या मोठ्या संगणकांबद्दल) होता. पाचपैकी चार कामांत विंडोज २००० (विंडोजची तेव्हाची आवृत्ती) स्वस्त ठरलं, वेबसाइट चालवण्यात लिनक्स. खर्चाचा मोठा वाटा होता माणसांच्या पगाराचा. भाचा स्वतःच मालक, स्वतःच नोकर. तिथला पगार इथं कसा लावता? उलट केरळनं २०१९ मध्ये शाळांतल्या दोन लाखांवर संगणकांसाठी लिनक्समुळे ३,००० कोटी वाचतील असा अंदाज दिला होता. संगणकामागे दीड लाख धरलेत, ते मला फार वाटतात. पण निम्मे-पाव धरले तरी बचतच.

मराठीचं तर सोडाच. सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट (कीबोर्डची मराठी मांडणी) जोडा आणि टाइप करा.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. बोटाचे ठसे घेणाऱ्या यंत्रांना लागणारं सॉफ्टवेअर मुख्यतः विंडोज आणि अँड्रॉइडवरच मिळतं. त्या कामासाठी विंडोज लागलंच तर पावती घेऊन, पैसे मोजून घ्या. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) नसलेल्या जुन्या संगणकावर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. म्हणून ठशाचं काम अँड्रॉइड मोबाइलवर करता आलं तर बघा, संगणकांवर लिनक्स टाका, आणि प्रिंटर घेताना तो लिनक्सवर चालतो का, हे पैसे देण्याआधी चालवून बघा.