गळपट्टा दिसला म्हणून पॅलिड होत नाही

थंडी पडली की माळावरच्या भोवत्यांबद्दल, म्हणजे हॅरियर या शिकारी पक्ष्यांच्या पॅलिड आणि माँटेग्यू या दोन जातींबद्दल, एक संदेश हमखास फिरतो: ‘तपकिरी भोवत्याच्या शेपटीच्या बुडाशी पांढरा पट्टा आणि मानेला फिकट गळपट्टा असेल तर तो पॅलिड, गळपट्टा नसेल तर माँटेग्यू. राखाडी नराच्या पंखांची टोकं काळी असली की तोही पॅलिड.’ कडबनवाडीचा माळ असो की नान्नजचा, यावर विसंबून केलेली नोंद सहज चुकू शकते.

शेपटीचा पांढरा पट्टा सोडूनच द्या. तो दोन्ही जातींच्या माद्यांना आणि पहिल्या वर्षाच्या पक्ष्यांना असतो.

खरी गफलत गळपट्ट्याची. माँटेग्यूच्याही गालावरच्या गडद डागामागे बारीक फिकट कड दिसू शकते. म्हणून पट्टा आहे का, एवढं पाहून भागत नाही. त्याच्या मागे काय आहे ते पाहा. पोट नारिंगी आणि बिनरेघांचं असेल तर पक्षी पहिल्या वर्षाचा. अशा पॅलिडचा पट्टा रुंद आणि स्वच्छ असतो आणि त्याला लागून मानेच्या बाजूला गडद तपकिरी भाग असतो, मफलर गुंडाळल्यासारखा. माँटेग्यूला हे मफलर नसतं. उलट डोळ्याभोवती पांढरं जास्त आणि गालावरचा डाग लहान. फेब्रुवारी-मार्चपर्यंत पिसं झिजून नारिंगी रंग उडतो, तेव्हा रंगाच्या छटेवर भरवसा ठेवू नका.

छातीवर रेघा असलेल्या प्रौढ मादीत गळपट्टा फारसा कामाचा नाही. तिथे पंखाची खालची बाजू बघा. माँटेग्यूच्या दुय्यम पिसांवर, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या अंगाकडच्या पिसांवर, ठळक गडद पट्टे असतात आणि त्यांमधली फिकट पट्टी थेट अंगापर्यंत पोचते. काखेत तांबूस आडवे पट्टे. पॅलिडची दुय्यम पिसं एकूणच काळपट, फिकट पट्टी अंगाकडे निमुळती होत विरते. मात्र दुपारच्या उन्हात पंखाखाली सावली पडते आणि माँटेग्यूचाही पंख काळपट दिसतो. त्यामुळे सकाळी किंवा संध्याकाळी, सूर्य पाठीशी घेऊन फोटो काढा. शटर १/२००० सेकंदाच्या आसपास, आकाश पाठीमागे असेल तर एक्स्पोजर एक स्टॉप वाढवा, आणि पंख पूर्ण वर उचललेली फ्रेम मिळेपर्यंत सलग फोटो घेत राहा.

नर त्या मानाने सोपा. काळी टोकं दोघांनाही असतात. पॅलिडचा काळा भाग अरुंद पाचरीसारखा, बाकी पंख कोरा. माँटेग्यूच्या पंखावर दुय्यम पिसांमधून एक काळी रेघ जाते, पोटावर तांबूस रेघा असतात.

फोटोत पंखाची खालची बाजूच नसेल, तर प्रौढ मादीची नोंद ‘पॅलिड किंवा माँटेग्यू’ एवढीच करा. पॅलिड आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत संकटसमीप आहे. त्याच्या नावावर अंदाजाने नोंदी चढल्या तर तो आहे त्याहून सुखरूप वाटेल.