मिरचीचा ठसका आणि एक सेंटिमीटरची पट्टी

मागच्या आठवड्यात भुसावळजवळच्या एका गावी नात्यातल्या साखरपुड्याला गेले होते. मागच्या अंगणात भरतासाठी वांगी आणि हिरव्या मिरच्या भाजणे चालू होते. वाऱ्याने धूर आत आला आणि स्वयंपाकघरातल्या आम्ही सगळ्या जणी एकदम खोकू लागलो. माझी एक मामेबहीण मात्र खोकता खोकता गुडघे एकमेकांना घट्ट लावून, एका हाताने ओट्याचा कडप्पा धरून उभी राहिली आणि ठसका ओसरताच कोणाकडे न पाहता बाहेर निघून गेली. ती कुठे गेली हे मला विचारावे लागले नाही, कारण बारा वर्षे मीही तशीच उठून जात होते.

आज हे उघड लिहिते आहे. माझे वय 46 आहे, मी शाळेत शिकवते, आणि धाकट्या मुलाच्या जन्मानंतर खोकताना, शिंकताना, पाण्याची बादली उचलताना माझी लघवी निसटत असे. गडद रंगाच्या साड्या, एसटीत दाराजवळची जागा आणि लग्नात फुगडीला नकार हे सगळे इतके अंगवळणी पडले होते की तो माझा स्वभावच आहे असे घरातल्यांना वाटे. सर्वांत वाईट सवय पाणी कमी पिण्याची होती. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास असताना मी शाळेत दुपारपर्यंत अर्धा तांब्या पाणीही पीत नसे. त्याने गळणे थांबले नाहीच, उलट लघवीची जळजळ वाढली. आईला सांगितले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "बाईनी जातले असंच ऱ्हास, माय."

असे सगळ्याच बायकांना होत नाही, आणि ज्यांना होते त्यांनी ते सोसलेच पाहिजे असेही नाही. ठिबकची नळी ज्यांनी हाताळली आहे त्यांना यामागचे कारण लगेच कळेल. नळी फरशीवर ठेवून पायाने दाबली तर पाणी थांबते. तीच चिखलात दाबली तर नळी खाली रुतते आणि पाणी वाहतच राहते. मूत्रनलिकेखाली स्नायूंचा आणि पडद्यांचा असाच एक आधार असतो. बाळंतपण, पाळी गेल्यानंतरचे बदल, वाढलेले वजन किंवा वर्षानुवर्षांचा खोकला यांनी तो सैल पडला की पोटावर दाब येताक्षणी नलिका मिटण्याऐवजी खाली सरकते.

मी ज्या पहिल्या दवाखान्यात गेले, तिथे सोनोग्राफी पाहून मला पिशवी काढण्याचा सल्ला मिळाला. माझ्या गर्भाशयात कोणताही दोष नव्हता. खोकल्यासरशी गळणाऱ्या लघवीवर गर्भाशय काढणे हा उपाय नाही, हे मला दुसऱ्या डॉक्टरबाईंकडे गेल्यावर समजले, आणि याचा राग अजून गेलेला नाही. आपल्याकडे पिशवी काढण्याबद्दल बायका ओट्यावर बसून मोकळेपणी बोलतात, पण लघवीचा विषय निघाला की पदर तोंडावर जातो.

दुसऱ्या डॉक्टरबाईंनी लघवीची तपासणी केली, भरल्या मूत्राशयाने मला खोकायला लावले आणि एक प्रश्न दोनदा विचारला: लघवी खोकल्याबरोबर निसटते, की अचानक जोराची लागते आणि मोरीपर्यंत पोहोचण्याआधीच होते? हे दोन वेगळे आजार आहेत. दुसऱ्या प्रकारावर सवयी बदलणे, व्यायाम आणि गोळ्या हे उपाय असतात; त्यात मी पुढे करून घेतलेली, मूत्रनलिकेखाली आधाराची पट्टी बसवण्याची शस्त्रक्रिया उपयोगाची नाही, कधी कधी तिने त्रास वाढतोही.

नंतर तीन महिने व्यायाम. अमेरिकेतील आर्नोल्ड केगेल या डॉक्टरांनी 1948 साली मांडलेला, लघवी रोखणारे स्नायू आवळून धरण्याचा हा व्यायाम फुकट आहे आणि पुष्कळ जणींना तेवढाच पुरतो. नेदरलँड्समध्ये 2013 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्षभरानंतर व्यायामाने सुरुवात केलेल्या गटात सुमारे 64 टक्के, तर शस्त्रक्रियेने सुरुवात केलेल्या गटात सुमारे 91 टक्के स्त्रियांना सुधारणा जाणवली. मात्र व्यायामाच्या गटातील जवळपास निम्म्या जणींनी मधल्या काळात शस्त्रक्रिया करून घेतली होती. मला थोडा फरक पडला, पण वर्गात शिंक आली की जीव खालीवर होणे काही थांबले नाही.

दीड वर्षापूर्वी मी स्लिंग बसवून घेतली. स्लिंग म्हणजे झोळीच. पॉलिप्रॉपिलीनच्या जाळीची साधारण एक सेंटिमीटर रुंद पट्टी लहानशा छेदातून मूत्रनलिकेच्या मध्यभागाखाली, न ताणता, नुसती टेकवून ठेवतात. स्वीडनमधील उल्फ उल्मस्टेन यांनी 1990 नंतरच्या दशकात ही पद्धत रूढ केली. त्यात पट्टीची टोके जघनास्थीच्या, म्हणजे ओटीपोटाखालच्या पुढच्या हाडाच्या, मागून वर येतात. फ्रान्समधील इमॅन्युएल डेलोर्म यांनी 2001 साली ती मांडीच्या सांध्याकडून नेण्याचा मार्ग दाखवला, ज्यात मूत्राशयाला इजा होण्याचा धोका कमी असतो, पण जांघ दुखू शकते. माझी पट्टी या मांडीकडच्या मार्गाची. कमरेत इंजेक्शन, अर्ध्या तासाचे काम, दुसऱ्या दिवशी लघवी नीट होते की नाही हे मोजून घरी. जांघ तीन आठवडे दुखली. सहा आठवडे जड उचलायचे नाही असे बजावले होते, म्हणून कापूस वेचणीचे दिवस उलटल्यावरचीच तारीख घेतली होती. शेतीची कामे असलेल्या घरात हा हिशेब डॉक्टरांपेक्षा आपल्यालाच मांडावा लागतो.

लहान शस्त्रक्रिया म्हणजे किरकोळ शस्त्रक्रिया नव्हे, हेही तितकेच ठामपणे लिहायला हवे. पट्टी कायमची असते. क्वचित ती योनीमार्गात उघडी पडते, काहींना लघवी करताना अडते, काहींना दीर्घकाळ वेदना राहतात, आणि रुजलेली जाळी पूर्णपणे काढणे अवघड असते. अशा तक्रारींमुळेच इंग्लंडमध्ये 2018 च्या जुलैमध्ये या पट्ट्यांचा वापर रोखला गेला. अमेरिकेत 2019 साली अंग बाहेर येण्यावर, म्हणजे गर्भाशय किंवा मूत्राशय खाली घसरण्यावर, योनीमार्गातून बसवायच्या जाळ्यांची विक्री थांबवण्याचा आदेश निघाला, पण लघवीसाठीच्या स्लिंगला तो लागू नव्हता. दुसरीकडे, उल्मस्टेन यांच्या पद्धतीने शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांच्या 17 वर्षांनंतरच्या तपासणीत दहापैकी नऊ जणींची खोकल्यावर लघवी गळत नव्हती. या दोन्ही बाजू ऐकवून, जाळी नको असेल तर पोटाच्याच पडद्याची पट्टी वापरता येते हेही सांगून, मगच सही घेणाऱ्या डॉक्टरांकडेच जावे, असे माझे मत आहे. पुढे मूल हवे असेल तर थांबणे बरे.

साखरपुड्याहून निघताना मामेबहिणीला अंगणात गाठले. पंधरा मिनिटे तिने नुसते ऐकले आणि शेवटी विचारले, "कागदपत्रं आहेत का तुझ्याकडे?" पट्टीचे नाव आणि क्रमांक असलेला स्टिकर माझ्या फायलीत चिकटवलेला आहे, त्याचा फोटो तिला त्याच रात्री पाठवला.