दोन 'बोअर' खेळ आणि एक अख्खं करिअर

कॅनडात राहायला आल्यापासून मला ज्या स्पोर्ट्स पत्रकाराचा मनापासून हेवा वाटत आलाय तो हॉकीवाला नाहीये. हॉकीचं इथे आपल्या क्रिकेटसारखंच आहे, जो तो तज्ज्ञ, आणि प्रत्येक चॅनलवर सूटबूट घातलेले माजी खेळाडू एकमेकांवर ओरडतायत. मला हेवा वाटतो बॉब वीक्सचा. या माणसाने आयुष्यभर गोल्फ आणि कर्लिंग कव्हर केलं. स्कोअरगोल्फ नावाच्या मासिकाचा वर्षानुवर्षं संपादक, मग टीएसएन चॅनलवर गोल्फचा माणूस, आणि हे चालू असताना बाजूने कर्लिंगवर कॉलम, ब्रायर या राष्ट्रीय स्पर्धेच्या इतिहासाचं पुस्तक, रस हॉवर्ड या दिग्गज कर्लरसोबत त्याच्या आयुष्यावरचं पुस्तक, वर ज्यांना ओ की ठो कळत नाही अशा नवशिक्यांसाठी कर्लिंग समजावणारं आणखी एक. म्हणजे ज्या दोन खेळांचं नाव काढलं की आपल्याकडे लोक चॅनल बदलतात त्या दोन खेळांवर या माणसाचं घर चाललं, आणि चांगलं चाललं.

मी आधी पुण्यात एका मराठी पेपरच्या स्पोर्ट्स डेस्कवर होतो (नाव सांगत नाही, ओळखणाऱ्यांनी ओळखा) म्हणून हे माझ्या डोक्यात जास्तच फिरतं. आमच्याकडे 'बीट' (पत्रकाराला नेमून दिलेला विषय) म्हणजे क्रिकेट आणि 'इतर'. इतरमध्ये बुद्धिबळापासून कुस्तीपर्यंत सगळं, आणि ते ज्याची त्या दिवशी सुटी नसेल त्याने बघायचं.

ज्यांना कर्लिंग माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. साधारण 45 मीटर लांबीची बर्फाची पट्टी, टोकाला बर्फात रंगीत वर्तुळं, ग्रॅनाइटचा जवळजवळ 20 किलोचा दगड हळूच फिरकी देऊन सोडायचा आणि दोघांनी त्याच्यापुढे ब्रश घासत धावायचं. दर विंटर ऑलिम्पिकला आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'फरशी पुसायचा खेळ' म्हणून जे मीम येतं ना, तोच. पण बर्फ गुळगुळीत नसतो, मुद्दाम पाण्याचे थेंब शिंपडून त्यावर बारीक दाणे उठवलेले असतात, आणि घासल्याने दगड लांब जातो आणि कमी वळतो. दगड एकदा हातातून सुटल्यावरही त्याची वाट बदलता येते असा दुसरा खेळ मला तरी आठवत नाही. बाकी डोकं बरंचसं कॅरमसारखं चालवायचं, आत्ता समोरच्याची उडवायची का आपली पुढच्या वेळेसाठी आडोशाला लावून ठेवायची.

आता गोल्फ आणि कर्लिंग एकत्र का? मला आधी वाटायचं की ऑफिसमधलं कुणालाच नको असलेलं काम एकाच्या गळ्यात मारलं असणार. तसं नाहीये. दोन्ही खेळ स्कॉटलंडचे, दोन्ही स्कॉटिश लोकांबरोबर इकडे आले. स्कॉटलंडमधल्या टर्नबेरीच्या गोल्फ कोर्सवरून समुद्रात जे घुमटासारखं बेट दिसतं ना, ऐल्सा क्रेग, ऑलिम्पिकच्या कर्लिंगचे दगड त्याच बेटाच्या ग्रॅनाइटचे. 2009 साली तिथे ब्रिटिश ओपनमध्ये 59 वर्षांचा टॉम वॉटसन शेवटच्या होलपर्यंत पुढे होता आणि तिथे बोगी (म्हणजे ठरलेल्यापेक्षा एक फटका जास्त) करून बसला, मग प्लेऑफमध्ये स्टुअर्ट सिंककडून हरला, ते बघताना टीव्हीवर मागे सारखं तेच बेट दिसत होतं.

शिवाय कॅनडात हवामानच असं आहे की उन्हाळ्यात गोल्फ आणि कोर्सवर बर्फ पडला की तेच मेंबर तिथल्याच शेडमध्ये कर्लिंग खेळतात. हॅमिल्टनजवळ तर क्लबचं नावच डंडास व्हॅली गोल्फ अँड कर्लिंग क्लब आहे. टोरंटोत एक टोरंटो क्रिकेट, स्केटिंग अँड कर्लिंग क्लब आहे, नावात क्रिकेट बघून आपल्या माणसाचा जीव जरा सुखावतो. आणि जॉर्ज लायन हा माणूस आपल्याकडे किती जणांना माहितीय? मूळचा क्रिकेटर, त्याने 1894 साली नाबाद 238 केल्या होत्या, गोल्फची काठी हातात घेतली तेव्हा वय 38, आणि 46 व्या वर्षी 1904 च्या सेंट लुईस ऑलिम्पिकमध्ये गोल्फचं गोल्ड! त्यानंतर ऑलिम्पिकमध्ये गोल्फ परत आलं ते थेट 2016 ला रिओत, म्हणजे शंभरहून जास्त वर्षं चॅम्पियन हाच.

तर पत्रकाराचं वर्ष असं जातं. सप्टेंबर-ऑक्टोबरपासून कर्लिंग, फेब्रुवारी-मार्चमध्ये बायकांची स्कॉटीज आणि पुरुषांची ब्रायर, मग पुरुषांची वर्ल्ड चॅम्पियनशिप संपते न संपते तोच एप्रिलचा मास्टर्स, म्हणजे अमेरिकेत ऑगस्टाला होणारी गोल्फची मोठी स्पर्धा. एका आठवड्यात प्रेअरीतल्या, म्हणजे कॅनडाच्या सपाट गवताळ भागातल्या, कुठल्यातरी गावात उणे वीसमध्ये गाडी स्टार्ट होत नाहीये आणि थोड्याच दिवसांत ऑगस्टाच्या हिरवळीवर. कंपनीच्या दृष्टीनेही हिशेब सोपा, एका पगारात बारा महिने भरले. सांगायचं काय, हे करिअर काही कुणाच्या उदात्त निष्ठेतून उभं राहिलेलं नाही, कॅलेंडर जुळलं म्हणून उभं राहिलंय. पण त्या माणसाने ते सोडून हॉकीकडे उडी मारली नाही, हे मात्र त्याचं स्वतःचं.

लिहिण्याच्या दृष्टीने बघितलं तर हे दोन खेळ एकमेकांच्या एकदम उलटे आहेत, आणि मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतं ते हेच.

गोल्फ कव्हर करणं म्हणजे मॅच न बघता मॅचबद्दल लिहिणं. पीजीए टूरच्या (अमेरिकेतली व्यावसायिक गोल्फची मुख्य मालिका) मोठ्या स्पर्धेत पहिले दोन दिवस दीडशेच्या आसपास खेळाडू, अठरा होल, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. तुम्ही एका ग्रुपबरोबर चालायला निघालात की बाकी कोर्सवर काय चाललंय ते तुम्हाला शून्य कळतं, लांबून आरडाओरडा ऐकू आला की बर्डी (एक फटका कमी) होती का ईगल (दोन कमी) याचा अंदाज बांधायचा. मीडिया सेंटरमध्ये बसलात तर सगळं दिसतं पण घरी सोफ्यावर बसलेल्यालाही तेच दिसत असतं, मग तुम्ही गेलात कशाला? म्हणजे कुणाबरोबर चालायचं हा निर्णय हीच अर्धी पत्रकारिता. माइक विअर 2003 ला मास्टर्स जिंकला, मेजर, म्हणजे चार सगळ्यात मोठ्या स्पर्धांपैकी एक, जिंकणारा पहिला कॅनेडियन पुरुष, डावखुरा, शेवटच्या दिवशी 68 फटके आणि त्यात एकही बोगी नाही. ज्यांनी त्याला क्यू स्कूलमध्ये (टूरवर खेळायला मिळावं म्हणूनची पात्रता स्पर्धा) वर्षानुवर्षं आपटताना बघितलं होतं त्यांना त्या 68 मध्ये काय दिसलं आणि ज्याला ऑफिसने आयत्या वेळी पाठवलं त्याला काय दिसलं यात जमीन-अस्मानाचा फरक असणार की नाही?

कर्लिंगमध्ये उलटं. तिथे सगळं दिसतं आणि वर ऐकूही येतं, कारण टीव्हीवरच्या मॅचला खेळाडूंच्या अंगावर माइक असतात. कुठला दगड मारायचा, बर्फ कुठे जास्त वळतोय, कोण कुणावर वैतागलंय, सगळं प्रेक्षकाला थेट ऐकू येतं. क्रिकेटमध्ये स्टंप माइकवर एक वाक्य आलं तरी आपण आठवडाभर चघळतो, इथे अख्खी मीटिंग लाइव्ह! मग पत्रकाराने लिहायचं काय? तर जे बोललं गेलं नाही ते. चौघं कॉलेजपासून एकत्र खेळतायत आणि या सीझनला कप्तानाने, म्हणजे स्किपने, तिसऱ्या खेळाडूला विचारणंच बंद केलंय, हे माइकवर ऐकू येत नाही, ते ज्याने आधीचे पाच सीझन ऐकलेत त्यालाच जाणवतं.

2015 चं ब्रशचं प्रकरण घ्या. नवीन कापडाचे ब्रश आले, त्याने बर्फावर असे ओरखडे पडायचे की घासणारे दगडाला जवळजवळ हाकत नेऊ शकायचे. मोठमोठ्या टीम्सनी आपण होऊन ते वापरायचे नाहीत असं ठरवलं, भांडणं झाली, शेवटी 2016 ला ओंटारिओतल्या केम्प्टव्हिलला शास्त्रज्ञ आणि खेळाडू एकत्र बसवून टेस्टिंग केलं आणि नियम आले. बाहेरच्या माणसाला ही 'झाडूवरून भांडण' अशी गमतीची बातमी वाटली, बऱ्याच ठिकाणी छापूनही तशीच आली. खरं तर प्रश्न होता की दगड सोडणाऱ्याच्या कौशल्याला काही किंमत उरणार का नाही. आपल्याकडे बॉल टॅम्परिंग झालं की सगळ्या पेपरात आठ कॉलम मजकूर आणि सोबत आकृती. इथे ती आकृती काढू शकतील अशी माणसं देशात मोजकीच होती.

आणि 2023 चा जून! कॅनेडियन ओपनचा आठवडा, टोरंटोच्या ओकडेल क्लबवर. मंगळवारी सकाळी अचानक जाहीर होतं की पीजीए टूर आणि तिच्या प्रतिस्पर्धी LIV लीगला पैसे पुरवणारा सौदीचा फंड हातमिळवणी करतायत. दोन वर्षं एकमेकांना शिव्या घालणारे लोक, आणि खेळाडूंना ट्विटरवरून कळतंय. एरवी जी स्पर्धा अमेरिकन मीडिया फारशी मनावर घेत नाही तिथे जगातली सगळ्यात मोठी गोल्फ बातमी येऊन पडली, बुधवारी स्टार गोल्फर रोरी मॅक्लरॉयची प्रेस कॉन्फरन्स जगभर बघितली गेली. आणि त्याच आठवड्यात रविवारी पावसात प्लेऑफच्या चौथ्या होलवर निक टेलर 72 फुटांवरून पुटर फिरवतो आणि बॉल आत! 1954 नंतर कॅनेडियन ओपन जिंकणारा पहिला कॅनेडियन. त्याचा मित्र ॲडम हॅडविन शॅम्पेन घेऊन धावत आला तर सिक्युरिटीवाल्याने त्यालाच आडवा केला. इथल्या गोल्फ पत्रकारांना मंगळवारी कॉर्पोरेट करार वाचावा लागला आणि रविवारी रडणारी माणसं लिहावी लागली, आणि दोन्ही डेडलाइनवर. बोअर खेळ म्हणे.

आता सगळं गुडी गुडी नको. या करिअरची एक बाजू मला अजिबात आवडत नाही, ती म्हणजे जवळीक. ब्रायरच्या वेळी स्टेडियमशेजारी 'ब्रायर पॅच' म्हणून मोठी बिअरची जागा असते, खेळाडू, प्रेक्षक, पत्रकार सगळे तिथेच. मॅच झाल्यावर जिंकणाऱ्याने हरणाऱ्याला ड्रिंक पाजायचं ही या खेळाची जुनी रीत आहे, आणि ती मस्तच आहे, पण रात्री ज्याच्याबरोबर ग्लास भिडवला त्याच्याबद्दल सकाळी कडक लिहायला छाती लागते. हॅलिफॅक्सची कर्लर कोलीन जोन्स तर सीबीसी या सरकारी चॅनलवर बातम्यांत काम करायची आणि एकूण सहा वेळा देशाची चॅम्पियनही झाली, खेळाडू आणि पत्रकार एकाच अंगात! मला ते चालतं, कारण सगळं उघड होतं, कुणाला फसवलं नाही. मला खुपतं ते गोल्फमधलं. फुकट राउंड, रिसॉर्टची ट्रिप, नवीन ड्रायव्हर (लांब फटक्याची काठी) 'टेस्ट करायला' घरी, आणि मग त्याच रिसॉर्टवर चार पानी गोड लेख. गोल्फची मासिकं जगभर या जाहिरातींवर जगतात आणि त्यात लिहिणाऱ्याचा कणा किती ताठ राहतो हा प्रश्न विचारायलाच हवा. आता तर टूर आणि लीग स्वतःच पगार देऊन लेखक ठेवतात. ते लोक लिहितात छान, पण 2023 च्या त्या मंगळवारी अवघड प्रश्न विचारायला पगार दुसरीकडून येणारा माणूसच लागतो ना?

तरीही बीट हवीच. 7 ऑगस्ट 2021 आठवतोय? संध्याकाळी नीरजचं गोल्ड, ते सगळ्यांना आठवतं. त्याच दिवशी सकाळी अदिती अशोक टोकियोत शेवटचा राउंड खेळत होती आणि आयुष्यात गोल्फ न बघितलेले लोक उठून टीव्हीसमोर बसले होते, फॅमिली ग्रुपवर काका विचारतायत बोगी म्हणजे चांगलं का वाईट. एका स्ट्रोकने मेडल गेलं, चौथी आली. त्याच ऑलिम्पिकमध्ये पुरुषांत पुण्यात राहणारा उदयन माने खेळला. माने! पुण्याचा! आणि त्याच्यावर मराठीत धड वाचण्यासारखं मला फार काही सापडलं नाही, कारण ते लिहायला आधीची काही वर्षं कुणीतरी त्याच्या मागे उन्हात चाललेलं असायला हवं होतं. गोल्फर अनिर्बन लाहिरीचा जन्मही पुण्याचा.

यावर डेस्कवरचं ठरलेलं उत्तर मला माहितीय, 'आपला वाचक गोल्फ खेळत नाही'. अहो, आपला वाचक फॉर्म्युला वनही चालवत नाही. 2006 ला न्यूफाउंडलंड प्रांतातल्या ब्रॅड गुशूची टीम कर्लिंगची ऑलिम्पिक फायनल खेळत होती तेव्हा तिथल्या सरकारने दुपारच्या शाळा सोडून दिल्या, ती सगळी पोरं काय कर्लिंग खेळत होती का? आणि गोल्फ श्रीमंतांचा खेळ आहे म्हणून सोडून द्यायचं असेल तर मग बॅगा उचलणाऱ्या कॅडींचं काय करायचं? अली शेर दिल्लीत कॅडी होता आणि 1991 ला इंडियन ओपन जिंकला. साहेबाची बॅग उचलता उचलता साहेबापेक्षा चांगलं खेळायला लागलेली पोरं आपल्याकडेही क्लबाक्लबांत आहेत. ही बातमी शोधायला ऑगस्टाचा व्हिसा लागत नाही, मुंबईतला रिपोर्टर असेल तर बॉम्बे प्रेसिडेन्सीचा कोर्स चेंबूरला आहे आणि स्टेशनवरून रिक्षा मिळते.