बकरी मेली का, तेवढं सांगा

राजेहो, फौजेवरचा एखादा तिरपागडा विनोदी सिनेमा पाहायला कोणी बोलावलं तर बावचळून जाऊ नका. परवा नागपुरात, धरमपेठेतल्या एका सभागृहात ‘द मेन हू स्टेअर ॲट गोट्स’ (नुसत्या नजरेनं बकरी मारायला निघालेल्या अमेरिकी फौजींचा सिनेमा) दाखवला आणि असा सिनेमा कसा पाहावा याचा वस्तुपाठच आपल्या रसिकांनी घालून दिला. तो वाया जाऊ नये, पुढच्या खेळाला आणखी पाचपन्नास जणांच्या कामी यावा, म्हणून ही टिपणं.

आधी म्हणजे उशिरा या. साडेसहाचा खेळ असेल तर सहा चाळीस हा मुहूर्त. सिनेमा जेमतेम ९४ मिनिटांचा, त्यातली दहा गेली तर काय बिघडतं? सुरुवातीची एक पाटी जाते. तुम्हाला वाटेल त्यापेक्षा यातलं जास्त खरं आहे, अशा अर्थाची. तिच्या पाठोपाठ एक जनरलसाहेब खुर्चीतून उठतात, समोरच्या भिंतीकडे एकाग्र होऊन पाहतात, धावत सुटतात आणि भिंतीवर आदळतात. एवढंच. सिनेमाची किल्ली याच दोन मिनिटांत ठेवलेली आहे, कारण भिंत जागची हलत नाही आणि साहेबांची श्रद्धाही हलत नाही. अमेरिकी सैन्याच्या गुप्तवार्ता विभागाचे प्रमुख मेजर जनरल अल्बर्ट स्टबलबाइन यांनी १९८३ च्या सुमारास भिंतीतून आरपार जायचा प्रयत्न खरोखरच केला होता. हे चुकवलंत की पुढचं सगळं निव्वळ फेकाफेकी वाटेल आणि ‘काही बी दाखवून राह्यले’ म्हणायला तुम्ही मोकळे. उशिराचं कारण विचारलं तर शंकरनगर चौकातली ट्रॅफिक सांगा. तिथेच डोक्यावरून मेट्रो जाते, तिचा विषय काढू नका.

खुर्ची मधलीच घ्या. सहा जणांचे गुडघे ओलांडून जाण्यात जी ओळखपाळख होते ती कडेला बसून होत नाही. सभागृहाची जमीन सपाट, पडदा खाली आणि सबटायटल पार तळाशी; त्यामुळे बसण्याआधी दोन क्षण उभं राहून कोणकोण आलंय ते पाहिलं तर मागच्या चार ओळींचा एक संवाद तुमच्या नावावर जमा.

सबटायटल मोठ्यानं वाचा. ते पाच-सहा सेकंदांत जातं, पण नट वाक्य पूर्ण करायच्या आधी तुमचं वाचून होतं. हसायचं असेल तर तेव्हाच हसा, म्हणजे वाक्याचा शेवट कोणालाच ऐकू येणार नाही.

‘जेडाय’ शब्द आला की तीन खुर्च्यांना समजावून सांगा की हाच इवान मॅक्ग्रेगर १९९९ पासून ‘स्टार वॉर्स’च्या तीन सिनेमांत जेडाय, म्हणजे मनोबलानं लढणारा योद्धा, होता आणि इथे त्यालाच जेडाय म्हणजे काय ते ठाऊक नाही. तेवढ्यात पुढचे दोन विनोद निघून जातात. जाऊ द्या.

आता, हसायचं कुठे? हा प्रश्न फार जणांना पडतो, कारण इथे ‘टुंय’ करून वाजत नाही, कोणी डोळे फिरवत नाही, कोणी केळ्याच्या सालावरून घसरत नाही. जॉर्ज क्लूनी वाळवंटात गाडी चालवता चालवता नजरेनं ढग फोडत असतो. ढगाकडे पाहतोय, पाहतोय, पाहतोय, आणि एवढ्या रिकाम्या माळरानात गाडी नेमकी दगडावर जाते. हा विनोद धडकेत नाही. धडकेआधी तो ज्या गंभीरपणे ढगाकडे पाहतो, त्या थांबण्यात आहे. थांबणं तीन सेकंद कमी झालं तर नुसता अपघात उरतो. म्हणून नेमक्या त्याच वेळी मोबाइल काढा. ब्राइटनेस पूर्ण ठेवा.

डबाबंद हशाची सवय असलेल्यांसाठी एक जुनी नोंद. कोरियन युद्धातल्या फौजी इस्पितळावरची ‘मॅश’ ही मालिका १९७२ ते १९८३ चालली. वाहिनीनं तिच्यावर रेकॉर्ड केलेला हशा लादला. लोकांना कळणार नाही, ही भीती. निर्मात्यांनी भांडून एवढंच पदरात पाडून घेतलं की ऑपरेशन टेबलावरच्या दृश्यांत हशा वाजणार नाही. म्हणजे घाबरलेली वाहिनी नागपुरातच असते असं नाही. अन् दिग्दर्शक कुब्रिकनं ‘डॉक्टर स्ट्रेंजलव्ह’ या अणुयुद्धावरच्या विनोदी सिनेमाच्या शेवटासाठी तोंडावर क्रीम फेकाफेकीचा दांडगा प्रसंग चित्रित केला होता, तोही त्यानं १९६४ ला सिनेमा येण्याआधीच कापला. हशा नक्की मिळाला असता. तरी कापला, कारण बाकीच्या सिनेमाच्या सुरात तो बसत नव्हता. पण आपल्याला सुराशी काय करायचं?

मध्यंतर मागा. सिनेमाला ते नाही, पण मागा. मग संयोजक बिचारे सत्तेचाळिसाव्या मिनिटाला, प्रसंगाच्या ऐन मध्यात, सिनेमा थांबवतात. हा सिनेमा आज इराकमध्ये, काल अमेरिकेच्या छावणीत असा मागेपुढे उड्या मारतो. समोसा खाऊन दहा मिनिटं उशिरा परतलेल्या माणसाला आपण कोणत्या सालात बसलोय ते कळत नाही, आणि मग तो शेजाऱ्याला विचारतो, “काय झालं बे? बकरी मेली का?”

शेवटी मात्र सर्वांत मानाचं काम: भावना दुखावून घ्या. दिवे लागले की उभं राहून म्हणा, “आपल्या फौजेवर असं काढून दाखवा म्हणावं!” टाळ्या हमखास. सिनेमा अमेरिकेच्या फौजेवर आहे, इराकमध्ये घडतो, तरी अपमान नागपुरात व्हायला हवा. बरं, गाव कोणतं? कामठीला गार्ड्स रेजिमेंटचं केंद्र, वायुसेना नगरला हवाई दलाची मेंटेनन्स कमांड, अंबाझरीला आयुध निर्माणी, सीताबर्डीच्या किल्ल्यात टेरिटोरियल आर्मी. या गावात वर्दी काही परक्याची नाही. आणि नोकरी करून आलेला कोणीही सुभेदार असा सिनेमा पाहताना सगळ्यांत आधी हसतो, कारण ‘चलती चीज को सलाम, खडी चीज को चूना’ हे त्यानं जगून घेतलंय. साहेबाची पाहणी आहे म्हणून झाडाच्या बुंध्यांना त्यानं गेरू फासलाय. तो जवानाला हसत नाही. हुकुमाला हसतो, कागदाच्या तीन प्रतींना हसतो. अपमान झालाच असेल तर त्याचा व्हायला हवा होता ना? झाला नाही. झाला तो तिसऱ्या ओळीतल्या काकांचा, ज्यांचा फौजेशी संबंध कॅन्टीनच्या सामानापुरता.

आणि अपमान कशानं होतो तेही सांगतो. दुरून मनानं पाहून शत्रूचा ठावठिकाणा सांगणारी माणसं अमेरिकेनं वीसेक वर्षं पोसली, त्यावर सुमारे २ कोटी डॉलर घातले आणि १९९५ साली तपासणी केली तेव्हा हेरगिरीला याचा उपयोग नाही असं निघालं. तो पैसा लोकांच्या खिशातला. माणसाच्या मनाशी खेळायचा तोच प्रकार पुढे कुठे गेला? २००३ मध्ये इराकमध्ये कैद्यांना वाकवायला पोरासोरांच्या टीव्ही कार्यक्रमातलं गाणं तासन् तास ऐकवलं जायचं, हे तेव्हाच बातम्यांत आलं होतं, आणि पुष्कळ ठिकाणी तेही गंमत म्हणून छापलं. सिनेमाच्या शेवटाकडे कोठडीतले कैदी दिसतात ना, ते तिथून येतात. तिथे हसू आवरायला हवं होतं. तुम्ही तिथेच खदखदून हसलात, आणि साहेब भिंतीवर आदळला तेव्हा, जिथे हसायचं होतं तिथे, तुम्ही पार्किंगला होतात.

मग चर्चा. “संदेश काय?” संदेश पोस्टात मिळतो.

बस झालं. आता सरळ सांगतो, कारण वाकडं बोललेलंही तुम्हाला उद्या सकाळी कौतुक वाटेल. सिनेमा निर्दोष नाही. दुसऱ्या भागात तो सैल पडतो, पाण्यात एलएसडी (भास घडवणारं ड्रग) मिसळून प्रश्न सोडवणं ही लेखकानं घेतलेली पळवाट आहे, आणि कैद्यांचं दुःख तो फार लवकर उरकतो. हे सगळं म्हणता येतं, भांडता येतं. पण त्यासाठी दुसरा भाग पाहावा लागतो! तुमच्यातले बरेच मध्यंतरात उठून गेले, घरी पोचायच्या आत ग्रुपवर ‘बकवास, पैसे वाया’ लिहिलं, आणि प्रवेश फुकट होता. कोणाचे पैसे? भाडं भरणारी चार पोरं आहेत, खिशातून भरतात. खुर्च्या स्वतः उचलतात. तुमच्या एका ‘बकवास’नं पुढच्या महिन्याला वीस जण येत नाहीत, आणि मग तुम्हीच म्हणता, नागपुरात काही चांगलं होतच नाही.

पुढच्या वेळी सव्वासहाला या. फोन सायलेंट नको, बंद करा. नाही जमत तर घरी बसा, पण दार लागल्यावर ते ढकलू नका.